देव्हाऱ्यावरची कोरांटी

ताम्हणातली सुपारी टक्कन फरशीवर पडली आणि घरंगळत शिलाई मशीनखाली गेली. घर माणसांनी भरलेलं होतं, तरी तो एवढासा आवाज सगळ्यांना ऐकू आला. गेणभाऊंनी विचारलेला प्रश्न देव्हाऱ्यासमोर तसाच पडून होता.

"ही फुलं कुठली?"

पिंपळवंडीच्या त्या घरात चंपाषष्ठीला दरवर्षी हीच माणसं जमत. सहा दिवस बसलेला खंडोबाचा घट आज उठायचा. पाच पुरुषांनी मिळून तळी उचलायची, म्हणजे पानं, सुपारी, खोबऱ्याच्या वाट्या आणि भंडारा भरलेलं ताम्हण तीन वेळा वर करून देवाचा येळकोट करायचा. मग भरीत आणि रोडग्याचा नैवेद्य दाखवायचा, आणि आषाढापासून बंद असलेलं वांगं आज पहिल्यांदा पानात यायचं. थोरले बहिरूबाबा गेल्यापासून तळीचा मान त्यांच्या धाकट्या भावाकडे, गेणभाऊंकडे आला होता. घरात सगळे त्यांना तात्या म्हणत. ताम्हण त्यांच्याच हातात होतं आणि सुपारी पडली ती त्यांचाच हात हलला म्हणून.

ऋतिकाला काहीच उमगेना. देव्हारा सकाळी तिनेच सजवला होता. टाकांच्या मागे, घटाच्या कडेने, समईच्या पायाशी तिने पिवळी कोरांटी रचली होती. भंडाऱ्याचा पिवळा आणि फुलांचा पिवळा एकमेकांत असा मिसळला होता की ती स्वतःच घटकाभर बघत राहिली होती. आता कुणीतरी कौतुक करील म्हणून ती दारात उभी होती.

"कुंपणाची असतील तात्या," सुभाष घाईने म्हणाला. तो थोरला दीर. भांडण लागण्याआधी मिटवायचं, ही त्याची लहानपणापासूनची सवय. "ऋतिकानं दोन पावसाळ्यांमागं लावलेलं कुंपण, त्याचीच."

"नाही नाही," ऋतिका पुढे होऊन म्हणाली. "कुंपणाला यंदा पहिलाच बहर, फुलं थोडीच आहेत. ही कोपऱ्यातल्या जुन्या झाडाची. केवढी लगडली होती, बघितलंत ना?"

सुभाषने डोळे मिटले. गेणभाऊंनी ताम्हण खाली ठेवलं.

"आन कुंपण तरी कशापासनं झालंय?" ते म्हणाले, पण तिला नव्हे, भिंतीवरच्या बहिरूबाबांच्या फोटोला. मग डोक्यावरचा फेटा नीट केला आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. त्यांच्या मागोमाग त्यांचा मुलगा भैरवनाथ गेला. शेजारचे दादाभाऊ, जे खास तळीसाठी आणि त्याहून खास भरितासाठी आले होते, ते मात्र जागचे हलले नाहीत.

"राव, चार महिने वांग्याचं तोंड बघितलं न्हाई," ते स्वतःशीच पुटपुटले. "आज तरी बघतो का न्हाई कुणाला ठावं."

कुणी हसलं नाही.

ऋतिका अवसरी खुर्दची. तिचे वडील तिथल्या कॉलेजच्या आवारात माळीकाम करायचे, आणि सुट्टीच्या दिवशी ही पोर त्यांच्या मागे पाण्याची नळी ओढत हिंडायची. सहा वर्षांपूर्वी लग्न होऊन ती या घरात आली, तेव्हा अंगणात तुळस, एक मरतुकडा गुलाब आणि अगदी पश्चिमेच्या कोपऱ्यात कोरांटीचं हे दाट, काटेरी झुडूप, एवढंच होतं. गुलाबाला तिने जगवलं. जास्वंद लावली, शेवंती लावली. पण जीव जडला तो कोरांटीवर. उन्हाळ्यात बाकी सगळं मान टाकायचं आणि ही आपली उभी. तिला खत नको, औषध नको, पाणी नको. मेंढरं काट्यांमुळे तिला तोंड लावत नाहीत. दिवाळी सरली की हिरव्यागार पानांतून पिवळी फुलं अशी फुटतात की वाटतं, हिला आपण असं दिलंय तरी काय, म्हणून ही एवढं देते?

दोन वर्षांपूर्वी बिबट्या शेजाऱ्यांच्या गोठ्यापर्यंत आला, तेव्हा तिने नवऱ्याला, स्वराजला म्हटलं, की तारेच्या आतून कोरांटीचं काटेरी कुंपण करू. स्वराज हसला होता. "बिबट्या काय फुलं बघून माघारी जाणार हाय व्हय?" पण जुलैत पाऊस लागल्यावर तिने जुन्या झाडाच्या पेन्सिलीएवढ्या जाड फांद्या कापल्या, तीन-तीन पेरं मातीत जातील अशा खोचल्या. साठ लावल्या, त्यातल्या बावन्न जगल्या. तेव्हाही घरातलं कुणी काही बोललं नव्हतं. सासूबाई, पुष्पाबाई, फक्त दारात उभ्या राहून बघत होत्या. आणि थोरली जाऊ उज्ज्वला आत निघून गेली होती, हे आज आत्ता ऋतिकाला आठवलं.

स्वयंपाकघरात उज्ज्वला परातीत रोडग्याची कणीक मळत होती. पाठ दाराकडे होती. पुष्पाबाई आत आल्या त्या सरळ ऋतिकावरच.

"कुणी सांगितलं व्हतं तुला तिथं हात लावायला?"

"आत्या, तिथं हात लावू नको असंही कुणी सांगितलं नव्हतं मला."

"त्वांड वर करून बोलू नको. सणाचा दिस हाय."

"मी उलट बोलत नाही, आत्या. पण मला कळू तरी द्या. फुलंच आहेत ना?"

पुष्पाबाई वांग्यांच्या टोपलीकडे वळल्या. ऋतिकाने उज्ज्वलाच्या पाठीकडे पाहिलं. कणीक मळणारे हात थांबले नव्हते. उलट जास्तच जोरात चालले होते. ताई, तुम्ही तरी बोला, असं ऋतिकाच्या अगदी ओठावर आलं. कारण सकाळी झुंजूमुंजू असताना कोपऱ्यातल्या झाडाशी ती एकटी नव्हती. उज्ज्वला होती तिच्याबरोबर. काटे लागू नयेत म्हणून एकेक फांदी पदराने बाजूला धरत होती, दुसऱ्या हातात परडी होती. "वरची घे," म्हणाली होती, "वरची जास्त उमललीत." तिच्या आवाजात काहीतरी वेगळं होतं, पण पहाटेच्या गारठ्यात आवाज तसाही निराळा लागतो.

आता ती एक शब्द बोलेना.

ऋतिकाला राग आला. सहा वर्षांत ही बाई तिला कधी टाकून बोलली नव्हती, लेक गिरिजा झाली तेव्हा रात्र रात्र मांडीवर पोर घेऊन बसली होती. आणि आज, जेव्हा एका वाक्याने अर्धा दोष वाटून घेता आला असता, तेव्हा तिने पाठ फिरवावी? ठीक आहे. मीही सांगणार नाही.

"चल मागं," पुष्पाबाई म्हणाल्या. "वांगी लावायची हायेत चुलीवर."

परसातल्या चुलीत निखारे फुलले होते. पुष्पाबाईंनी जाडजूड वांग्यांना तेलाचा हात फिरवला आणि एकेक निखाऱ्यांवर ठेवलं. साली चरचरायला लागल्या. मग वांगं उलटवता उलटवताच सुरू झाल्या, जणू चुलीलाच सांगत असल्यासारख्या.

"चौदा वरसं झाली. ह्ये घर नव्हतं तवा. पत्र्याचं व्हतं, तिकडं, रस्त्याच्या बाजूला. हितं समदं वावर. तुझं सासरं आन सुभाष मेंढरं घिऊन घाटाखाली गेल्यालं, कोकणात. स्वराज साळंत. घरात मी आन उज्ज्वला. तिला आठवा सरत व्हता."

ऋतिकाचा हात निखाऱ्यावरून मागे आला.

"नारायणगावला न्हेलं दवाखान्यात. पोरगा झाला. एक रात जगला. ती बेसुद. आमी म्हनलं, शुद्धीवर यायच्या आत आवरू, म्हंजी तिला बघायचा भोग न्हाई. शहाणपणा वाटला व्हता तवा त्यो." त्यांनी धुराच्या निमित्ताने डोळे पुसले. "एवढ्या ल्हान जिवाला जाळत न्हाईत, तुला ठावं हाय. आपल्याच वावराच्या कडंला, मातीत दिला. पण कोल्ही-कुत्री उकरत्यात. म्हनून मी वरती कोरांटी लावली. काट्यांची. शेजारणीनं म्हनलं, गुलाब लाव. गुलाबाला कोण बघणार, बाई? आमी फिरस्ते. आज हितं, उद्या मेंढरांमागं. कोरांटी मागत न्हाई काय. जगती आपली आपण."

"आणि नंतर घर बांधलं..."

"घर बांधलं तवा पाया सरकत सरकत हिकडं आला. कडंचं झाड अंगणात आलं. कुणीच कुणाला बोललं न्हाई. तुला सांगायचं ते पण राहूनच ग्येलं. कधी सांगायचं? गिरूच्या डोहाळजेवणाला?"

ऋतिकाला तो तांब्या आठवला. रोज सकाळी अंघोळ झाली की सासूबाई तुळशीला पाणी घालत आणि उरलेला तांब्या कोपऱ्यात नेऊन ओतत. किती वेळा तिने टोकलं होतं. आत्या, कोरांटीला नसतं लागत पाणी, रोज घातलं तर मुळं कुजतील. वडिलांचं नाव सांगून, मोठ्या तोऱ्यात. पुष्पाबाई नुसत्या 'बरं' म्हणायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तांब्या घेऊन जायच्या.

"ताईंना माहीत होतं? ते झाड..."

"मी न्हाई सांगितलं. कुणीच न्हाई. पण बाई हाय ती. ज्या झाडाला पानी लागत न्हाई त्याला सासू रोज पानी घालती, ह्ये तिनं बघितलं की." पुष्पाबाईंनी भाजलेलं वांगं ताटलीत काढलं. "मला एकदा म्हनली व्हती, आत्या, आज मी घालू का? म्हनलं, घाल. बास. तेवढंच बोलणं झालं आमचं त्या गोष्टीवर, चौदा वरसांत."

ऋतिका उठून उभी राहिली. पहाटेचा तो आवाज आता तिला नीट ऐकू आला. वरची घे. वरची जास्त उमललीत.

राग कुठल्या कुठे गेला. पण मनाशी धरलेलं गप्प राहणं तसंच राहिलं. फक्त आता ते दुसऱ्याच कारणासाठी होतं. दोष आपल्यावरच राहू दे. नवखी म्हणून, बाहेरची म्हणून, मला माफ होईल. त्यांना या घरात आणखी काही ऐकायला लागू नये.

ओट्यावर बोलणं चढलं होतं.

"मी स्पष्ट सांगतो," गेणभाऊ म्हणत होते. "ती फुलं आधी उचला, देव दुधानं धुवा. आन ते झाड आजच्या आज काढा. मुळासकट. त्याबिगर मी तळीला हात लावणार न्हाई."

"तात्या, सणाच्या दिवशी झाड तोडायचं?" स्वराज म्हणाला. "जेसीबीच बोलवू का मग? कुंपणही जाईल एका फेरीत."

"मस्करी करू नको माझ्याशी."

"मस्करी कुठं? बावन्न झाडं हायेत. समदी त्याच झाडाची. कुठंवर उपटणार?"

"लागल तेवढी!"

भैरवनाथ बापाची बाजू घेऊन म्हणाला, की देवाला असली फुलं चालत नाहीत, हे लहान पोरालाही कळतं. स्वराज म्हणाला, लहान पोराला कुणी सांगितलं तर कळेल ना. माझ्या बायकोला कुणी सांगितलं होतं? आणि तो हे बोलला तेव्हा ऋतिकाला एकाच वेळी बरंही वाटलं आणि त्याने गप्प बसावं असंही वाटलं. कारण सुभाष या सगळ्यात मान खाली घालून उभा होता. ज्याचं मूल, त्याला कुणी विचारतच नव्हतं.

"काढतो मी," सुभाष एकदम म्हणाला.

सगळे त्याच्याकडे वळले.

"काढतो झाड. वाद नको. वर्षाचा सण हाय." तो ओट्याच्या कडेला टेकवलेली कुदळ उचलून खाली उतरला. कोकणात घाटाखाली असताना निरोप पोहोचायला नऊ दिवस लागले होते आणि तो परत आला तेव्हा कोरांटीला नवी पानं फुटलेली होती, हे ऋतिकाला खूप नंतर कळणार होतं. त्या क्षणी तिला एवढंच दिसलं, की या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांची भांडणं मिटवली आणि आज तो स्वतःचंच काहीतरी उपटून ती मिटवायला निघालाय.

"भाऊजी, थांबा," ती म्हणाली. "चूक माझी आहे. मी तोडली फुलं. मी देव धुते, फुलं उचलते, माफी मागते तात्यांची. पण झाड नका काढू. झाडानं काय केलंय?"

"तुझा संबंध न्हाई यात," गेणभाऊ म्हणाले. पण सुभाष थांबला होता.

"तिचा न्हाईच संबंध," मागून आवाज आला. "परडी मी धरली व्हती."

उज्ज्वला दारात उभी होती. कोपरापर्यंत कणीक लागलेली. ती कधी मोठ्याने बोलत नसे आणि आत्ताही मोठ्याने बोलली नाही. पण एव्हाना ओट्यावर येऊन बसलेले दादाभाऊसुद्धा सरळ झाले.

"ऋतिकाला काय ठावं व्हतं? मला ठावं व्हतं. मी तिला म्हनलं, वरची तोड. दरसाली ती फुलं तिथंच उमलत्यात आन तिथंच गळत्यात. कुणी देवाला घालत न्हाई, कुणी डोक्यात माळत न्हाई. का, ते मला ठावं हाय. तुमाला ठावं हाय. समद्यांना ठावं हाय आन कुणी बोलत न्हाई." तिने श्वास घेतला. "ती परडी घिऊन निघाली, तवा वाटलं, जाऊ दे. एक वरीस देवाच्या पायाशी जाऊ दे. कुणाला कळणार हाय? मगाशी आत गप बसले, ती माझी चूक. भ्याले मी. तिला बोलणी बसली."

"ताई..." ऋतिका म्हणाली.

"थांब गं. बोलू दे आता सुरू झालंय तर." ती दोन पायऱ्या उतरून गेणभाऊंसमोर आली. पदर सावरायला हात कणकेचे, म्हणून तिने मानेनेच तो पुढे घेतला. "तात्या, त्याला दवाखान्यातनं तुमी आणला ना?"

गेणभाऊंनी मान हलवली. ती हो होती की नाही, कळलं नाही.

"मला कुणी दाखवलाच न्हाई त्यो. चौदा वरसं मी कुणाला इचारलं न्हाई, कारण समदे म्हनत, तुझ्या भल्यासाठीच केलं. केलं असेल. पण आज तुमी झाड काढायचं म्हनताय. काढा. तुमी मोठे हाय. त्याच्या आधी मला एवढं सांगा. कसा व्हता?"

दारासमोरच्या रस्त्याने टोमॅटोचे क्रेट भरलेला एक टेम्पो खडखडत गेला. त्याचा आवाज पार विरून जाईपर्यंत गेणभाऊ आपल्या तळहातांकडे बघत होते.

"हलका व्हता," ते शेवटी म्हणाले. "लई हलका. त्या ताम्हणापरीस हलका."

पुष्पाबाई परसातून वांग्यांची ताटली घेऊन येत होत्या, त्या तिथेच थबकल्या.

"दवाखान्यातनं बाहेर पडलो. तवा गाडी कुठली आपल्याकडं? वडापच्या जीपात बसलो. असं कुणाला कळलं आस्तं तर जीपवाल्यानं घेतलं नसतं. म्हनून टॉवेलात गुंडाळला आन छातीशी धरला, निजल्यावाणी. शेजारी एक म्हातारी व्हती. ती म्हनली, भाऊ, लेकराच्या तोंडावर ऊन येतंय, झाका की. मी झाकलं. मग म्हनली, लई शहाणं हाय हो लेकरू, रडत न्हाई." "मी म्हनलं, व्हय. शहाणंच हाय. नारायणगावपासून हितवर मी त्याला थोपटत आलो. थोपटलं न्हाई तर म्हातारी म्हनली असती, कसला बाप."



"केस लई व्हते," ते म्हणाले. "काळेभोर. आन हितं," त्यांनी स्वतःच्या हनुवटीला बोट लावलं, "हितं खळी व्हती. सुभाषला हाय तशी. खड्डा मी खणला. वैनी म्हनली, खोल खण. खणला. त्या वरसापासनं त्या झाडाच्या फुलांकडं मी बघत न्हाई. आन आज ताम्हण घिऊन उभा राहिलो तर ती समदी म्होरं, देवाच्या भोवती. मला वाटलं..."

सुभाषच्या हातातून कुदळ कधी खाली गेली, कुणाला दिसलं नाही. त्याचा हात त्याच्या हनुवटीवर होता. उज्ज्वलाने त्याच्याकडे पाहिलं. चौदा वर्षं रोज पाहिलेल्या त्या चेहऱ्यावर ती जणू पहिल्यांदा काहीतरी शोधत होती. ती रडली नाही. रडली ऋतिकाच, आणि तिला लाज वाटली, की हे रडणं तिच्या मालकीचं नाही.

पुष्पाबाईंनी वांग्यांची ताटली ओट्यावर ठेवली.

"गेणभाऊ," त्या म्हणाल्या. दीर असला तरी वयाने मोठ्या त्याच, आणि बहिरूबाबा गेल्यावर आज पहिल्यांदा त्या दिराशी सरळ नाव घेऊन बोलत होत्या. "चूक आपली दोघांची. तुमी खणलं, मी लावलं, आन हिला कडंला ठिवलं. आता देवाला काय चालतं आन काय न्हाई, ते देव बघंल. मल्हारी मेंढरामागं हिंडणाऱ्यांचा देव. त्याला कोरांटी नको व्हय? फुलं तिथंच राहत्यात. झाड राहतंय. तुमाला तळी उचलायची आसंल तर उचला, नसंल तर भैरू आन ही चौघं उचलत्याल, दादाभाऊ धरून."

"चौघंच व्हतात, वैनी," दादाभाऊ हळूच म्हणाले. "मी मोजलं. भैरू, सुभाष, स्वराज, मी. पाच लागत्यात." आणि मग, सगळ्यांकडे बघून, ओशाळत: "मी भरितासाठी म्हनत न्हाई हो."

पहिला हसला तो सुभाष. घसा खाकरल्यासारखं हसला, पण हसला. मग स्वराज. गेणभाऊ उठले. ओट्यावरून खाली उतरले, आणि सगळ्यांना वाटलं की ते फाटकाकडे निघाले. पण ते कोपऱ्याकडे गेले. झाडापाशी उभे राहिले. हात लावला नाही, नमस्कार केला नाही. नुसते उभे राहिले, फेटा काढून हातात धरून. मग फेटा डोक्यावर ठेवत परत आले आणि कुणाशी न बोलता आत गेले.

शिलाई मशीनखालून सुपारी भैरवनाथनेच काढून दिली. पाच जणांनी ताम्हणाला हात घातला. घोंगडीवरून ताम्हण पहिल्यांदा वर उठलं तेव्हा गेणभाऊंच्या तोंडून शब्दच फुटेना. दरवर्षी आवाज त्यांचा, बाकीच्यांनी नुसती साथ द्यायची. दोन क्षण ताम्हण तसंच अधांतरी. मग दारातून उज्ज्वलाचा आवाज आला, बारीक पण स्वच्छ.

"सदानंदाचा..."

"येळकोट!" पाचही जण म्हणाले.

बायकांनी येळकोट सुरू करायची या घरात रीत नव्हती. कुणी तसं म्हटलं नाही.

भंडारा उधळला, खोबरं वाटलं, रोडगे तुपात बुडाले. ऋतिका पानं मांडत होती. उज्ज्वला तिच्या शेजारी बसून वांग्याच्या साली सोलत होती. तिची बोटं काळी झाली होती.

"ताई, सकाळीच का नाही सांगितलंत मला?" ऋतिका हळू आवाजात म्हणाली.

"सांगितलं आस्तं तर तोडली असतीस?"

ऋतिकाने विचार केला. खोटं बोलणं सोपं होतं. "नसती तोडली."

"मग?" उज्ज्वला म्हणाली, आणि भाजलेल्या वांग्याचा एक तुकडा चवीला तिच्या तोंडात घातला. "मीठ बघ."

मीठ बरोबर होतं.

"आता कुंपणाच्या फांद्या पुढल्या पावसाळ्यात छाटायच्या म्हनालीस ना?" उज्ज्वला विचारत होती. "कशा छाटायच्या ते मला दाव. जुन्या झाडाच्या पण छाटायला पायजेत, आतनं वाळलंय. मी कधी हात लावला न्हाई, भीती वाटायची. दुखंल म्हनून."

"छाटल्यावर जास्त फुटते ती. जमिनीपासून वीतभर ठेवली तरी चालते."

"वीतभर?" उज्ज्वलाने मान वर केली. "एवढीच?"

"मी असेन ना. आपण थोडी थोडी करू. एका वर्षात नको."

पुष्पाबाईंनी बाहेरून हाक दिली. "गिरू! अगं गिरू, समद्यांना बलाव जेवायला!"

गिरिजा पाच वर्षांची. जेवायला हाका मारायचं काम तिचं, आणि ते काम ती मोठ्या इमानाने करायची. प्रत्येकाला त्याच्या नावाने किंवा नात्याने, कुणाला वगळायचं नाही, दोनदा म्हणायचं नाही. आजच्या भांडणात ती कुठे होती, याचा कुणाला विचारच सुचला नव्हता. ओट्याखालच्या पायरीवर, खोबऱ्याचा तुकडा चघळत, ती सगळा वेळ बसलेली होती.

"तात्याआजोबा, जेवायला चला! भैरूकाका, जेवायला चला! मोठेबाबा, चला! बाबा, चला! दादाभाऊ आजोबा, भरीत झालं!"

दादाभाऊ पहिले उठले. एकेक जण पाय धुऊन आत आला, पानावर बसला. ऋतिका वाढायला भरिताचं पातेलं घेऊन वळली, तेव्हा तिला दिसलं की गिरिजा अजून अंगणातच आहे. कोपऱ्यातल्या झाडासमोर उभी. हात पाठीमागे बांधलेले, तोंड उघडलेलं, पण आवाज नाही.

"गिरू, ये ना! पान मांडलंय."

पोर पळत आली, उंबऱ्यावर थांबली. तिने आधी आईकडे पाहिलं, मग आईच्या मागे उभ्या असलेल्या उज्ज्वलाकडे, आणि पुन्हा आईकडे.

"आई," ती म्हणाली, "सगळ्यांना हाक मारली. त्या दादाला काय म्हणून हाक मारू?"